शिकवणाऱ्याची पारख: माइंडफुलनेस शिक्षकांविषयी वाचकांचे प्रश्न

माइंडफुलनेसचे, म्हणजे आत्ता जे जाणवतंय त्याकडे निवाडा न करता लक्ष देण्याच्या सरावाचे, वर्ग नागपुरात आता धरमपेठेतल्या क्लिनिकपासून मिहानमधल्या कंपन्यांपर्यंत भरू लागले आहेत. त्यामुळे या वेळची बहुतेक पत्रं शिकणाऱ्यांची नाहीत, शिकवणाऱ्यांची किंवा शिकवणारे तयार करणाऱ्यांची आहेत. अनेकांनी ‘कुठलं प्रमाणपत्र चालेल?’ असं विचारलं आहे. आमचं मत आधीच सांगतो: शिक्षक प्रत्यक्ष वर्गात काय करतो हे कुणी जाणत्याने पाहिल्याशिवाय तो सक्षम आहे की नाही हे कळत नाही. पुढची सगळी उत्तरं याच मुद्द्यावरून निघतात.

प्रश्न: माहुरझरीच्या केंद्रात विपश्यनेची दहा दिवसांची तीन शिबिरं केली आहेत. रोज पहाटे तासभर बसतो. कंपनीत सहकाऱ्यांसाठी माइंडफुलनेसचा वर्ग घ्याल का, असं एचआरने विचारलं आहे. होकार देऊ का? (सोमलवाडा)

लगेच देऊ नका. तुमची रोजची बैठक हे मोठं भांडवल आहे आणि ती नसलेला माणूस हे काम करूच शकत नाही. पण स्वतः बसणं आणि पंधरा अनोळखी माणसांना बसवणं ही दोन निराळी कौशल्यं आहेत.

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. विपश्यनेच्या या परंपरेत शिबिर केलेल्या साधकाने दुसऱ्याला विधी शिकवायचा नसतो. तिथे नेमलेले आचार्य शिकवतात आणि त्याचं मानधन घेत नाहीत. शिबिरातली साधना तशीच्या तशी कंपनीत नेणं त्या परंपरेलाच धरून होणार नाही.

माइंडफुलनेसचे कार्यक्रम वेगळ्या वाटेने आले. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात एमबीएसआर (माइंडफुलनेसच्या आधारे ताण कमी करण्याचा कार्यक्रम) सुरू केलं. पुढे सेगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी नैराश्य पुन्हा उलटू नये यासाठी एमबीसीटी (माइंडफुलनेसवर आधारलेली बोधात्मक उपचारपद्धती) बांधलं. दोन्ही आठ आठवड्यांचे: आठवड्याला दोन ते अडीच तासांचं एक सत्र, शिवाय रोज घरी सराव, जो मूळ आराखड्यात पाऊण तासाच्या आसपास असतो. एमबीएसआरमध्ये सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास एक पूर्ण दिवस बहुतांशी मौनात जातो.

तुमच्यासाठी क्रम असा. आधी हा आठ आठवड्यांचा कार्यक्रम निव्वळ सहभागी म्हणून पूर्ण करा, घरच्या सरावासकट. मग त्यातल्या साधना (बॉडी स्कॅन म्हणजे शरीराच्या एकेका भागावर क्रमाने लक्ष नेणं, सजग हालचाली, बैठक, तीन मिनिटांचा श्वास-विराम) काही महिने रोजच्या रोज करा. त्यानंतर शिक्षक-प्रशिक्षण. ब्रिटनमधल्या शिक्षकांच्या संघटनेने घालून दिलेल्या निकषांत ते किमान १२ महिन्यांचं धरलं आहे, आणि त्यासोबत नियमित सुपरव्हिजन (आपल्या शिकवण्याविषयी अनुभवी शिक्षकाशी चर्चा) व दरवर्षी एक निवासी साधना-शिबिरही. या शेवटच्या अटीत तुमचा शिबिरांचा अनुभव कामी येईल. पहिला वर्ग अनुभवी शिक्षकाच्या जोडीने घ्या, दुसरा स्वतः घ्या, पण दर आठवड्याला सुपरव्हायजरशी बोलून.

जुन्या साधकांची गाडी नेमकी कुठे अडते तेही लक्षात ठेवा. त्यांना अस्वस्थपणा सहन करायची सवय असते, म्हणून ते नवख्याला ‘हलू नका, बघत राहा’ असं सहज सांगून जातात. कंपनीतला माणूस झोप लागत नाही, बीपी वाढलंय म्हणून आलेला असतो. त्याचा गुडघा दुखत असेल, तर ‘पाय बदललात तरी चालेल, बदलण्याआधी काय होतंय आणि बदलल्यावर काय होतंय तेवढं पाहा’ ही सूचना त्याच्या उपयोगाची.

प्रश्न: वीस तासांचा ऑनलाइन ‘सर्टिफाइड माइंडफुलनेस टीचर’ कोर्स दिसला. करावा का? (मनीषनगर)

ओळख म्हणून करायला हरकत नाही. तेवढ्या बळावर वर्ग मात्र घेऊ नका. भारतात माइंडफुलनेस शिक्षकांसाठी कायद्याने ठरवलेली नोंदणी नाही, त्यामुळे ‘सर्टिफाइड’ हा शब्द कुणीही छापू शकतं. पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा: प्रवेशासाठी स्वतःच्या सरावाची अट आहे का, मी शिकवत असताना कुणी पाहणार आहे का, लेखी अभिप्राय मिळणार का, आणि कुणी नापास होतं का? चौथ्या प्रश्नावर गडबडणारा कोर्स टाळा. आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसारखं उपचार करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. माइंडफुलनेसचं कुठलंही प्रमाणपत्र तिची जागा घेत नाही.

प्रश्न: आमच्या संस्थेतून यंदा आठ जण शिक्षक म्हणून तयार होत आहेत. त्यांची परीक्षा कशी घ्यावी? लेखी पेपर आणि तोंडी मुलाखत पुरेशी आहे का? (रामदासपेठ)

पेपर घ्या, त्याने अभ्यास कळेल. सक्षमता कळणार नाही. हा प्रश्न या अंकातला सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे जास्त जागा घेत आहोत.

जगभर सर्वाधिक वापरली जाणारी पट्टी म्हणजे एमबीआय-टॅक, म्हणजेच माइंडफुलनेस शिक्षकांची सक्षमता मोजण्याचे निकष. बँगोर, एक्झेटर आणि ऑक्सफर्ड विद्यापीठांतल्या शिक्षक-प्रशिक्षकांनी ती मिळून तयार केली. यात शिक्षकाचं वर्गातलं काम सहा क्षेत्रांत पाहिलं जातं. पहिलं, सत्रातला अभ्यासक्रम, वेग आणि आखणी. दुसरं, सहभागींशी नातं. तिसरं, शिक्षकाच्या स्वतःच्या वागण्यात उतरलेली सजगता. चौथं, साधनेच्या सूचना देणं. पाचवं, संवादातून आणि मांडणीतून विषय पोचवणं. इन्क्वायरी, म्हणजे साधनेनंतर सहभागींशी त्यांच्या अनुभवाबद्दल होणारी प्रश्नोत्तरं, यात येते. सहावं, गट सांभाळणं. प्रत्येक क्षेत्राला १ ते ६ अशी पातळी: १ म्हणजे अक्षम, २ नवशिका, ३ पुढारलेला नवशिका, ४ सक्षम, ५ निपुण, ६ प्रगत.

करायचं कसं? प्रत्येक प्रशिक्षणार्थीने आठही सत्रांचं पूर्ण चित्रीकरण करावं. कापून, निवडून दिलेल्या वीस मिनिटांच्या तुकड्यावर मूल्यमापन करू नका, कारण निवडलेल्या तुकड्यात प्रत्येक जण चांगलाच दिसतो. परीक्षकाने किमान दोन सत्रं पूर्ण पाहावीत: एक सुरुवातीचं (दुसरं किंवा तिसरं) आणि एक नंतरचं (शक्यतो पाचवं). एमबीसीटीत पाचव्या सत्रात अवघड अनुभवाकडे मुद्दाम वळायचं असतं. गोड बोलण्यावर पहिली चार सत्रं निभावून नेलेला शिक्षक तिथे उघडा पडतो. कोणती सत्रं पाहणार हे प्रशिक्षणार्थीला आधी सांगू नका.

पाहताना परीक्षकाने वेळ टाकून नोंदी कराव्यात: ‘३४ व्या मिनिटाला सहभागीने छातीतल्या धडधडीचा उल्लेख केला, शिक्षिकेने विषय बदलला.’ असा पुरावा हातात नसेल तर गुण देऊ नयेत. क्षेत्र एकेक करून तपासा. सहाही आकडे एकाच बैठकीत एकाच झोकात भरले की सगळे सारखे येतात. त्यामागचं कारण परीक्षकावर पडलेला पहिला प्रभाव. आपल्याकडे त्याचं नेहमीचं रूप म्हणजे आवाज. खर्जातला, संथ आवाज ऐकला की परीक्षक तिसऱ्या क्षेत्रात ५ देऊन मोकळा होतो. तिसऱ्या क्षेत्रात आवाजाची गोडी पाहायची नसते. एखाद्या सहभागीने चिडून ‘हे सगळं फालतू आहे’ म्हटलं त्या क्षणी शिक्षकाचे खांदे, श्वास, चेहरा, उत्तराची घाई काय सांगतात, ते पाहायचं असतं. शिक्षक ताठरला, समर्थन करू लागला, की ते लिहा. क्षणभर थांबून ‘फालतू वाटतंय. आत्ता नेमकं काय होतंय तुम्हाला?’ असं त्याने मनापासून विचारलं, तर तेही लिहा.

ज्याने शिकवलं त्यानेच एकट्याने तपासायचं, असं ठेवू नका. दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि मगच बोलावं. एखाद्या क्षेत्रात एकाहून जास्त पातळीचा फरक आला, तर चर्चेने सरासरी काढू नका; तेवढी मिनिटं पुन्हा लावा आणि एकत्र पाहा. खरी परीक्षा सुरू करण्याआधी सगळ्या परीक्षकांनी एकच जुनं चित्रीकरण तपासून आपापल्या पट्ट्या जुळवून घ्याव्यात. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलेल्या संस्थेत ४ चा अर्थ परीक्षकागणिक बदलतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पट्टीच्या पहिल्या अभ्यासात १६ प्रशिक्षित परीक्षकांनी ४३ प्रशिक्षणार्थी तपासले होते आणि परीक्षकांमध्ये चांगला मेळ दिसला होता. ‘प्रशिक्षित’ हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे.

पहिल्या क्षेत्रात गुण बहुतेक वेळा घड्याळामुळे जातात. सुरुवातीची अर्ध्या तासाची साधना पन्नास मिनिटं चालते, मग घरच्या सरावाचा आढावा उरकला जातो आणि पुढच्या आठवड्याचा सराव लोक चपला घालत असताना सांगितला जातो. चौथ्या क्षेत्रात चूक असते ती सूचनेत लपलेल्या ध्येयाची. ‘मन शांत करा’, ‘शरीर एकदम सैल सोडा’ असं म्हटलं की ज्याचं मन शांत झालं नाही तो मनातल्या मनात नापास होतो. ‘पोटाशी श्वास कसा जाणवतोय? काहीच जाणवत नसेल तर तेही चालेल’ यात कुणी नापास होत नाही. लागोपाठ सूचनांचा भडिमार हा दुसरा दोष. दोन सूचनांमध्ये दोन-तीन श्वासांची शांतता हवी, नाहीतर माणसं फक्त ऐकत राहतात.

निकाल देताना नुसता आकडा देऊ नका. काय चांगलं झालं ते पुराव्यासह, आणि सुधारण्यासाठी दोनच गोष्टी. दहा गोष्टी सांगितल्या तर एकही सुधारत नाही. प्रशिक्षणाच्या मधल्या टप्प्यावर याच सहा क्षेत्रांवर आधारलेलं टीएलसी हे स्व-चिंतनाचं साधन वापरता येतं. त्यात गुण नसतात, त्यामुळे प्रशिक्षणार्थी मोकळेपणी लिहितात.

प्रश्न: साधना संपल्यावर ‘कसं वाटलं?’ विचारते. लोक ‘छान वाटलं’ म्हणून गप्प होतात, किंवा घरच्या अडचणी सांगू लागतात आणि मी सल्ला देत बसते. इन्क्वायरी जमतच नाही. (प्रशिक्षणार्थी, त्रिमूर्तीनगर)

तुमचा पहिला प्रश्नच मत मागतो, म्हणून मत मिळतं. इन्क्वायरीला तीन थर असतात: साधनेत प्रत्यक्ष काय जाणवलं, त्या अनुभवाशी आपण कसं वागलो, आणि याचा रोजच्या जगण्याशी काय संबंध. नवखा शिक्षक पहिल्या थरावर दहा सेकंदही थांबत नाही, थेट तिसऱ्यावर उडी मारतो आणि मग तिथे स्वतःच बोलत राहतो.

समजा बॉडी स्कॅननंतर एक काकू म्हणाल्या, ‘मला तर झोपच लागून गेली नं. मधे जाग आली तं घरचेच विचार येऊन राहिले होते.’

‘काही हरकत नाही काकू, सरावाने जमेल’ हे उत्तर प्रेमळ आहे, पण त्यातून काकूंना ‘चुकलंच आपलं’ एवढाच संदेश मिळतो आणि संवाद तिथेच संपतो. त्याऐवजी:

‘जाग आली ते कशावरून कळलं, काकू?’
‘मान खाली गेली, झटका बसला.’
‘मानेत झटका. आणि त्यानंतर लगेच?’
‘लाज वाटली. वाटलं, साऱ्यांनी पाह्यलं असन.’
‘लाज वाटली तेव्हा शरीरात कुठे काही जाणवलं?’
‘कानाशी गरम झालं.’
‘हं. आणि मग?’
‘मग स्वतःलेच रागावली, धड निजता पण येत नाही का म्हणून.’
‘झटका, कान गरम, मग स्वतःवर राग. हा क्रम इतर कुणाला ओळखीचा वाटतोय?’

इथे सल्ला एकही नाही. प्रश्न लहान आहेत, ‘का’ कुठेही विचारलेलं नाही (‘का’ विचारलं की माणूस खुलासा देऊ लागतो), आणि शेवटी एकट्या काकूंचा अनुभव सगळ्या गटाचा झाला. पाचव्या क्षेत्राबरोबर सहाव्या क्षेत्राचे गुणही इथेच मिळतात. एका माणसाजवळ दोन-तीन मिनिटांहून जास्त थांबू नका. बाकीचे प्रेक्षक होतात. आणि काकू ‘नाही आठवत’ म्हणाल्या, तर आभार मानून सोडून द्या. खणून काढणं हा आपला हक्क नाही.

सरावासाठी तिघांचा गट करा: एक जण पाच मिनिटं श्वासावर बसतो, दुसरा सहा मिनिटं इन्क्वायरी करतो, तिसरा फक्त प्रश्न लिहून घेतो. नंतर यादी वाचा आणि ज्या प्रश्नात उत्तर आधीच दडलेलं होतं त्याच्यावर खूण करा. ‘बरं वाटलं ना?’ हा त्यातला पहिला.

प्रश्न: पहिल्या सत्रातल्या सजगतेने खाण्याच्या सरावात मनुक्याऐवजी संत्र्याची फोड चालेल का? परीक्षक गुण कापतील का? (काटोल रोड)

चालेल. पहिल्या क्षेत्रात अभ्यासक्रम सोडू नये हे जसं आहे, तसं समोरच्या गटाप्रमाणे लवचीक राहणंही आहे. त्या सरावाचा हेतू एवढाच, की रोज न पाहता तोंडात टाकतो ती वस्तू पहिल्यांदा पाहावी तशी पाहणं. नागपूरकराला संत्र्याइतकं ‘माहीत आहे हो’ वाटणारं दुसरं फळ कुठलं? सोललेली फोड द्या, रस सांडतो म्हणून कागदी रुमाल ठेवा, आणि कुणाला आंबट चालत नसेल तर वाटीत चार मनुका असू द्या. संत्र्याच्या भावावर आणि बागांवर चर्चा सुरू झाली तर ती वाढू देऊ नका. गुण कापले जातील ते तिथे.

प्रश्न: बॉडी स्कॅन चालू असताना एक सहभागी रडू लागली, श्वास जोरात चालू झाला. अशा वेळी काय करावं? (सदर)

रडू आणि घाबरणं यात फरक करा. शांतपणे अश्रू येत असतील, तर साधना चालू ठेवा आणि सगळ्यांसाठीच म्हणून पर्याय सांगा: डोळे उघडा, उठून बसा, लक्ष तळपायांवर किंवा खोलीतल्या आवाजांवर आणा. श्वास वेगाने चालला असेल, हातपाय थरथरत असतील, नजर हरवल्यासारखी असेल, तर त्या व्यक्तीला श्वासावर लक्ष द्यायला सांगू नका. त्याने भीती वाढू शकते. तिच्या नावाने हाक मारा, डोळे उघडायला सांगा, पाय जमिनीवर टेकवून खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा. विचारल्याशिवाय हात लावू नका. मदतनीस असेल तर त्याने तिच्यासोबत बाहेर बसावं, तुम्ही गट सोडू नका. सत्रानंतर बोला आणि दुसऱ्या दिवशी फोन करा.

खरी काळजी मात्र वर्गाआधीच घ्यायची असते. प्रत्येक इच्छुकाशी अर्धा तास स्वतंत्र बोला: सध्या आत्महत्येचे विचार, मानसिक आजाराचा तीव्र टप्पा, दारू किंवा इतर व्यसन, नुकताच झालेला मृत्यू किंवा आघात, चालू औषधं. यातलं काही असेल, तर सर्वसाधारण वर्गात घेण्याऐवजी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्या शहरातच आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे; तो पहिल्या सत्राच्या पत्रकावर छापा. मूल्यमापन करणाऱ्यांनी ही मुलाखतीची नोंदवही मागून पाहावी. ती नसेल तर चित्रीकरण पाहण्याआधीच प्रश्न उभा राहतो.

प्रश्न: शाळेतल्या वर्गशिक्षकांना एका दिवसाच्या कार्यशाळेत तयार करता येईल का? (मुख्याध्यापिका, महाल)

नाही. ब्रिटनमध्ये ‘मिरियाड’ नावाच्या मोठ्या चाचणीत शाळेतल्याच शिक्षकांना आधी स्वतः माइंडफुलनेस शिकवून, मग प्रशिक्षण देऊन मुलांना शिकवायला लावलं होतं; ८५ शाळा आणि आठ हजारांहून अधिक मुलं त्यात होती. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा मुलांच्या मानसिक आरोग्यात जास्त फायदा दिसला नाही. इतक्या तयारीनंतर हे चित्र असेल, तर एका दिवसाकडून अपेक्षाच ठेवू नये. तुमच्या शिक्षकांना स्वतःसाठी आठ आठवड्यांचा वर्ग द्या. तेवढं केलंत तरी पुष्कळ आहे.

प्रश्न: जास्त गुणांच्या शिक्षकाचे सहभागी खरंच जास्त बरे होतात का? (वर्धा रोड)

हे अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. २०१७ च्या एका डच अभ्यासात एमबीसीटी शिकवणारे १५ शिक्षक तपासले, तेव्हा त्यांच्या गुणांचा आणि रुग्णांच्या सुधारणेचा ठळक संबंध दिसला नाही. एका लहान ब्रिटिश अभ्यासात मात्र जास्त प्रशिक्षण झालेल्या शिक्षकांच्या सहभागींना अधिक फायदा दिसला. म्हणून गुणांकडे शिक्षकाच्या वाढीचं आणि सहभागींच्या सुरक्षिततेचं साधन म्हणून पाहा. जाहिरातीत ‘पातळी ५’ छापू नका.

प्रश्न: चित्रीकरणात कूलरच्या आवाजाने काहीच ऐकू येत नाही. शिवाय लोक कॅमेऱ्याला बिचकतात. उपाय? (नरेंद्रनगर)

मे महिन्यात कूलर बंद ठेवा असं नागपुरात कुणालाही सांगता येणार नाही. वर्ग सकाळी सातला घ्या आणि कूलर अर्धा तास आधी लावून खोली गार करून ठेवा. शिक्षकाला कॉलर माइक लावा, आणि दुसरा रेकॉर्डर गटाच्या मधोमध, जमिनीवर नव्हे तर जाड टॉवेलची घडी घालून तिच्यावर ठेवा. फरशीतून येणारी थरथर त्याने कमी होते. कॅमेरा शिक्षकाच्या चेहऱ्यावर, सहभागींची पाठ कॅमेऱ्याकडे. संमती लेखी घ्या, पहिल्या सत्राच्या आधी, आणि नकार देणाऱ्याला कॅमेऱ्याबाहेरची जागा द्या. त्याला वर्गातून काढू नका. संमतीपत्रात कोण पाहणार आणि कधी पुसणार हे दोन्ही असावं. चित्रफीत व्हॉट्सअॅपवर पाठवू नका: दर्जा घसरतो आणि कुठे पोचेल ते हातात राहत नाही. पासवर्ड असलेल्या पेनड्राइव्हवर द्या, निकाल लागला की ठरलेल्या तारखेला पुसा आणि तशी नोंद ठेवा.